मुलाची प्रतिकारशक्तीच कमी आहे का हो?

शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि मूल नुकतंच बालवाडीत जायला लागलेलं असतं. त्यातल्याच एका आईबद्दल, तिच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून, लिहिते आहे.

मुलगा साडेतीन वर्षांचा. चार महिन्यांत पाच वेळा सर्दी-ताप. बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं होतं की वजन-उंची वयाप्रमाणे आहे, लशी पूर्ण आहेत, काळजीचं कारण नाही. (हे मी आधी विचारून घेते. शरीराची तपासणी झाल्याशिवाय मनाच्या कामाला हात घालायचा नाही, हा माझा शिरस्ता.) तरीही ती रात्री चार-चार वेळा उठून थर्मामीटर लावायची. सोबत दोनशे पानी वही आणली होती. तिच्यात तापाच्या नोंदी, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. घरात प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरींचे तीन डबे.

दोन भेटी ती तापावरच बोलली. तिसऱ्या भेटीत म्हणाली, "सासूबाई म्हणतात, सहा महिन्यांत कामावर गेलीस, दूध तोडलंस, म्हणून पोर असं नाजूक झालं. मलाही तेच वाटतं, मॅडम."

आता ती वही मला नीट वाचता आली. प्रत्येक ताप म्हणजे तिच्या आईपणावर मारलेला लाल शेरा होता. माणूस घटनेपेक्षा त्या घटनेला आपणच लावलेल्या अर्थाने जास्त पोळतो, असं मी मानते आणि माझं सगळं काम त्याच वाटेने चालतं.

मी तिला सांगून पाहिलं. या वयात वर्षाला ६ ते ८ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. सर्दीच्या एका ऱ्हायनोव्हायरसचेच १५० हून अधिक प्रकार आहेत, एकाशी ओळख झाली तरी दुसरा नवखाच असतो. आईकडून नाळेतून मिळालेली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना अडवणारी प्रथिनं, तर कोणत्याही बाळाच्या अंगात पहिल्या काही महिन्यांत ओसरतात. तिने मान डोलावली आणि त्या रात्रीही चार वेळा उठली. नुसत्या माहितीने भीती हलत नाही.

पाचव्या भेटीला ती अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून आली होती. डाव्या दंडावर एक वाटोळी, किंचित खोलगट खूण दिसली.

"ही क्षयाच्या बीसीजी लशीची ना? मुलाला दिली तेव्हा काय झालं होतं?"

"काही आठवड्यांनी फोड आला, पू झाला. नर्सताईंनी आधीच सांगितलं होतं, काही लावू नका म्हणून. मी तसंच राहू दिलं."

"घाबरला नाहीत?"

"नाही. म्हटलं, लस काम करतेय."

मी पुढे काही बोलले नाही. ती खुणेवर बोट फिरवत राहिली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मग तो फोड त्याच्या शरीराच्या लढण्यामुळेच आला होता?"

"हो."

"आणि ताप?"

"तोही शरीरच चढवतं."

त्या एका प्रश्नाने सहा महिन्यांचं ओझं हललं. तो मी विचारला नव्हता, तिला सुचू दिला होता, याचं मला आजही समाधान आहे.

मग तिनेच सगळं विचारून घेतलं. आपल्या पेशींवर नसलेली एखादी घडण जंतूवर दिसली की पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशी त्याला परका ठरवून गिळतात आणि रासायनिक सांगावा धाडतात. तो मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला, म्हणजे शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या भागाला, पोचला की अंग तापतं. दरम्यान जंतूचे तुकडे गळ्यातल्या, काखेतल्या गाठींपर्यंत नेले जातात. तिथे टी आणि बी नावाच्या असंख्य लढाऊ पांढऱ्या पेशींतून नेमकी जुळणारी पेशी सापडते आणि तिची फौज वाढते. पहिल्या वेळी याला आठवडाभर लागू शकतो. लढाई संपली तरी काही पेशी तो चेहरा लक्षात ठेवून मागे राहतात, म्हणून पुढच्या वेळी तोच जंतू लवकर आवरतो. बालवाडीच्या पहिल्या वर्षी मुलाच्या या पेशीही शाळेतच जात असतात.

आयांनो, याचा अर्थ तापाकडे काणाडोळा करा असा नाही. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, श्वास जोरात चालला असेल, मूल पाणी पीत नसेल, मलूल पडलं असेल, ताप तीन दिवसांवर गेला असेल, तर डॉक्टरांकडे जाच. न्यूमोनिया वारंवार होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर प्रतिकारशक्तीच्या तपासण्यांबद्दलही विचारा. पण मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली स्वतःहून उघडू नका. विषाणूच्या सर्दीवर ती चालत नाही. आणि डब्यांवरचा खर्च फळं, अंडी, डाळींवर करा.

वही मी बंद करायला सांगितली नाही. दिवसातून दोनच नोंदी ठेवायच्या आणि आकड्याशेजारी मूल काय करतंय ते लिहायचं, एवढंच ठरवलं. दिवाळीनंतर तिने शेवटचं पान दाखवलं. "रात्री ९. ताप १००.८. पाणी प्यायला. गाड्या खेळतोय. मी झोपते."