चीनच्या सम्राटाच्या पट्टराणीला खरंच काही पॉवर असायची का?
असायची, पण ती घरातली, आणि तीही सम्राटाच्या मर्जीवर. छिंग काळात, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळात, राण्या कितीही असल्या तरी पट्टराणी एकच, अंतःपुराचा कारभार तिच्याकडे, कुठल्याही राणीला मूल झालं तरी कागदोपत्री आई हीच, शिवाय रेशीमकिड्यांच्या देवीच्या पूजेचा मानही हिचाच. ऐकायला भारी वाटतं ना? पण छ्येनलुंग सम्राटाची दुसरी पट्टराणी बघा, नारा घराण्यातली. १७५० ला पट्टराणी झाली, १७६५ ला त्याच्यासोबत दक्षिणेच्या दौऱ्यावर गेली आणि तिथे अचानक तिने स्वतःचे केस कापले. आता मांचू लोकांत (छिंग घराणं याच लोकांचं) नवरा किंवा सासू वारली की बायका केस कापायच्या आणि इथे तर दोघंही ठणठणीत! म्हणजे केवढा अपशकुन. का कापले यावर इतिहासकार अजून भांडतायत. तिला लगेच बीजिंगला परत पाठवलं, दिमतीला जेमतेम दोन दासी ठेवल्या, पुढच्या वर्षी बिचारी गेली तेव्हा हे महाशय शिकारीला, परत यायचीही तसदी घेतली नाही. अंत्यविधी पण पट्टराणीचा नाही, एक पायरी खालचा, आणि पुरलं कुठे तर दुसऱ्याच एका राणीच्या थडग्यात. गंमत म्हणजे पद मात्र अधिकृतपणे कधी काढलंच नव्हतं.