वाचक विचारतात : घर सासऱ्यांचं, लाइट बिल सासऱ्यांचं, मग माझ्या संसाराचा पुरावा कुठला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी माहेरची साताऱ्याची. लग्न होऊन मेलबर्नला, टार्नीटमध्ये आले. आमचं लग्न रीतसर बघून-ठरवून झालं. मी ३०९ व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या तात्पुरत्या व्हिसावर आले. अर्ज केल्याला आता दोन वर्षं होत आली, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे कायमच्या १०० व्हिसासाठीची कागदपत्रं द्यायची आहेत. आम्ही सासू-सासऱ्यांबरोबर राहतो. घर सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या नावावर आहे. लाइट, गॅस, पाणी, सगळी बिलं सासऱ्यांच्या नावाने येतात. मी चाइल्ड केअरमध्ये काम करते. पगार माझ्या खात्यात येतो, त्यातून घरचा किराणा मी भरते. मधले काही महिने नवरा कामासाठी पर्थला होता. ओळखीतल्या एकाने सुचवलं की सासऱ्यांबरोबर मागच्या तारखेचा भाडेकरार करून टाका. नणंद म्हणते, व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं चॅट छापून दे. सासूबाई तर चिडल्याच आहेत. म्हणतात, चारशे माणसांसमोर अक्षता पडल्या, आता सरकारला आणखी काय दाखवायचं? मी काय करू?
— एक वाचक, टार्नीट

उत्तर : सासूबाईंना आधी माझा नमस्कार सांग. अक्षता पडल्या हे त्या म्हणतात ते खरंच आहे, आणि त्याचा पुरावा तुम्ही पहिल्या टप्प्यात दिलेलाही असणार. आता अधिकाऱ्याला विचारायचंय ते पुढचं : त्यानंतर संसार झाला का, आणि आज चालू आहे का?

ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या मायग्रेशन अ‍ॅक्टमधलं कलम ५एफ नवरा-बायकोचं नातं कशाला म्हणायचं ते सांगतं. दोघांनी एकमेकांशीच बांधील राहून संसार करायचं ठरवलेलं असावं, नातं खरं आणि चालू असावं, आणि दोघं एकत्र राहत असावेत किंवा निदान कायमचे वेगळे राहत नसावेत. ते तपासायचं कसं, हे १९९४ च्या नियमावलीतल्या १.१५ए या नियमात आहे. पैशाचा व्यवहार, घर कसं चालतं, लोकांत तुम्ही कसे वावरता आणि एकमेकांशी बांधिलकी किती, अशा चार बाजू त्यात आहेत. घराच्या बाजूत ‘घरकामाची वाटणी’ हा मुद्दा चक्क कायद्यात लिहिलेला आहे. भांडी कोण घासतं हे सरकारने विचारावं म्हणून पुष्कळ सासरे मंडळी गोरीमोरी होतात. मला तर तो नियम फार आवडतो.

आता तुझी अडचण. तू त्या घरात राबतेस, पगार त्या घरात घालतेस, आणि कागदावर मात्र त्या घरात तू नाहीस. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या सुनांची ही नेहमीची गोष्ट आहे. कुणी मुद्दाम वगळलेलं नसतं. बिल आधीपासून सासऱ्यांच्या नावाने येत होतं, ते तसंच येत राहिलं, एवढंच. पण सवयीच्या या गोष्टी अधिकाऱ्याला आपोआप कळत नाहीत, त्या लिहून सांगाव्या लागतात.

भाडेकराराचं आधी सांगते, कारण त्यात धोका आहे. मागच्या तारखेचा करार हा खोटा कागद आहे. तू कधी भाडं दिलं नाहीस, सासऱ्यांनी कधी घेतलं नाही. असा कागद उघडा पडला तर अर्ज नाकारला जाऊ शकतो आणि पुढची तीन वर्षं बहुतेक व्हिसांचं दार बंद होऊ शकतं. दोन वर्षांचा खरा संसार एका खोट्या कागदापायी पणाला लावायचा का? आणि हा सल्ला देणारा ओळखीचा माणूस नोंदणीकृत एजंट किंवा वकील आहे का, हेही बघ. नोंदणी नसताना असा सल्ला देणं ऑस्ट्रेलियात गुन्हा आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारी वेबसाइटवर कुणालाही बघता येते.

भाडेकराराऐवजी सासऱ्यांकडून एक शपथपत्र (स्टॅच्युटरी डिक्लरेशन) घे. तू अमुक तारखेपासून या पत्त्यावर राहतेस, घराचे मालक कोण, भाडं घेत नाही कारण सून आहे, तुम्हा दोघांची खोली कुठली, हे त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहावं. सोबत कौन्सिलची रेट्स नोटीस, म्हणजे घरपट्टीचं बिल जोडावं, म्हणजे घर खरोखर त्यांचं आहे हे दिसतं. मग त्याच पत्त्यावर तुझ्या नावाने आलेलं सगळं गोळा कर : पगाराच्या स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स ऑफिसचं पत्र. मेडिकेअर कार्डावर, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर, तुम्हा दोघांची नावं एकत्र असतील तर तो एक छोटा पण बोलका कागद आहे. नसतील तर एकाच कार्डावर करून घे. वीज कंपनीला फोन करून बिलावर तुझं नाव घालता येतं. ते आजपासूनच दिसेल, मागचं दिसणार नाही, आणि तसं दिसायलाही नको.

जॉइंट खातं नाही म्हणून रडू नकोस. दोघांचे पैसे वेगळ्या खात्यांत असले तरी चालतं, फक्त घर कुणाच्या पैशावर कसं चालतं ते स्पष्ट दिसलं पाहिजे. तुझ्या स्टेटमेंटमध्ये दर आठवड्याला वूलवर्थ्स, कोल्स आणि देशी किराणा दुकानातल्या खरेद्या असतील. त्या ओळी हायलाइट कर. नवऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये कर्जाचा हप्ता आणि गाडीचा विमा असेल, त्याही कर. मग एका पानावर लिही : किराणा मी भरते, हप्ता तो आणि सासरे भरतात, साताऱ्याला आई-वडिलांना पैसे पाठवते ते माझ्या खात्यातून. ते शेवटचं लपवायची गरज नाही. माहेरी पैसे पाठवले म्हणून संसार खोटा ठरत नाही. जॉइंट खातं उघडायचं असेल तर जरूर उघड, पण फक्त व्हिसासाठी उघडून त्यात पन्नास डॉलर ठेवलेस तर ते तेवढंच दिसेल.

दोन कागद बहुतेक जण विसरतात. एक, इन्कम टॅक्सचं रिटर्न. ऑस्ट्रेलियात रिटर्न भरताना जोडीदार आहे का, वर्षातल्या कुठल्या तारखांना होता, हे विचारतात. तुम्ही दोघांनी एकमेकांची नावं तिथे दिली होती का ते बघ. नवऱ्याने घाईत ‘जोडीदार नाही’ म्हणून भरलं असेल, तर आधी रिटर्न दुरुस्त करून घ्या. दुसरा, सुपर, म्हणजे आपल्याकडच्या पीएफसारखा निवृत्तीचा फंड. नोकरीतल्या सुपर फंडात तुझ्यानंतर पैसे कुणाला मिळावेत हे ठरवता येतं. तिथे नवऱ्याचं नाव घाल, त्याच्याकडे तुझं आहे का ते विचार. मरणाचं नाव काढलं की आपल्याकडे ‘शुभ बोल’ म्हणतात, पण बांधिलकी दाखवणारा कागद याहून चांगला सापडणार नाही. आणि व्हिसा नसता तरीही तो भरायलाच हवा होता.

पर्थचे महिने लपवू नकोस, उलट ते नीट मांड. कामासाठी काही काळ लांब राहणं म्हणजे कायमचं वेगळं होणं नाही. कंपनीचं पत्र, त्याची येण्या-जाण्याची विमान तिकिटं, त्या काळातल्या कॉलची नोंद, तू पर्थला गेली असशील तर ते तिकीट, आणि दोघांच्या निवेदनात त्या दिवसांविषयी चार ओळी.

आता नणंदेचा चॅटचा सल्ला. सगळं छापू नकोस. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर लागतं, आणि ऑस्ट्रेलियात ते ‘नाटी’ (NAATI) या भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या भाषांतरकाराकडून करून घ्यावं लागतं. रोमन लिपीत टाइप केलेलं ‘jevlis ka’ हेही मराठीच, ते इंग्रजी होत नाही. शंभर पानं ‘जेवलीस का’ आणि ‘हो, तू?’ यांचं भाषांतर करून घेतलंस तर बिल बघून जेवण जाणार नाही. त्यापेक्षा दोन वर्षांतून थोडे तुकडे निवड, सगळे एकाच महिन्यातले नकोत. तुला ताप आला होता तेव्हाचे, चाइल्ड केअरच्या मुलाखतीच्या दिवसाचे, पर्थहून त्याने सासऱ्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं ते, गीझर बिघडला तेव्हाचे. प्रत्येकावर तारीख दिसू दे. प्रेमाचे संदेश द्यायचे का, हे तुझं तू ठरव. कायद्याने ते मागितलेले नाहीत.

फोटोंचंही तसंच. लग्नाचा सहाशे फोटोंचा अल्बम देऊ नकोस. लग्नाचे चार-पाच पुरेत, पण त्यात दोन्हीकडचे आई-वडील असू देत. मग पुढचे : पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घातलेले, दिवाळसणाचे, मंडळाच्या गणपतीत दोघं मिळून पंगतीत वाढत असतानाचे, त्याच्या ऑफिसच्या पार्टीतले, तुझ्या सहकाऱ्यांबरोबर एखाद्या रविवारचे. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि माणसं कोण, हे लिही. हळदीकुंकवाच्या फोटोखाली एका ओळीत इंग्रजीत सांग की हा सवाष्णींचा सण आहे आणि सासूबाईंनी तुला घरची सून म्हणून सगळ्यांशी ओळख करून दिली. अधिकाऱ्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. आणि एकाच दिवशी तीन साड्या बदलून तीन ठिकाणचे फोटो काढण्याच्या फंदात पडू नका. ते ओळखू येतं.

साक्षीदारांसाठी ८८८ क्रमांकाचा फॉर्म असतो. सगळे नातेवाईक नकोत. शेजारीण, तुझी चाइल्ड केअरमधली सहकारी, त्याचा मित्र, अशी तुम्हाला एकत्र बघितलेली माणसं घे. ‘आदर्श जोडपं आहे’ असं लिहिलेलं कुणाच्या कामाचं नसतं. शेजारणीने ‘पर्थला असताना त्याने मला फोन करून हिच्या पाठदुखीसाठी डॉक्टरकडे न्यायला सांगितलं’ असं काही लिहिलं, तर ते वाचणारा थांबून वाचेल. सगळ्यांचा मजकूर एकाच कीबोर्डवर टाइप केलेला दिसू नये. कुणी शपथपत्र देत असेल तर त्यात जाणूनबुजून खोटं लिहिणं १९५९ च्या स्टॅच्युटरी डिक्लरेशन्स अ‍ॅक्टनुसार गुन्हा आहे आणि शिक्षा चार वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे, हे त्यांनाही सांग.

सगळ्यात जास्त वेळ तुम्हा दोघांच्या निवेदनांना द्या. ती वेगवेगळी लिहा, मग बसून तारखा जुळवा. स्थळ कुणी आणलं, पहिल्यांदा कुठे भेटलात, बघण्यापासून लग्नापर्यंत किती बोलणं झालं, साखरपुडा कधी, तू मेलबर्नला उतरलीस त्या दिवशी कोण घ्यायला आलं, कुठल्या गोष्टींवरून भांडता, पुढचं काय ठरवलंय. ठरवून केलेल्या लग्नात ओळख लग्नानंतर होते, हे सरळ लिहायला लाजू नका. नवरा कुकर लावत नसेल तर लावतो असं लिहू नकोस. तो कचऱ्याची बिनं बाहेर काढतो आणि शनिवारी व्हॅक्यूम मारतो, एवढंच खरं असेल तर एवढंच लिही.

नावांचा घोळ तुझ्याकडेही असणार. पासपोर्टवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं नाव, बँकेत नवऱ्याचं आडनाव. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत आणि आपल्याकडे मधलं नाव लग्नानंतर बदलतं, हे अर्ध्या पानात लिहून विवाह नोंदणी दाखल्याला जोड.

तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण हे पान इतर मुलीही वाचतात म्हणून सांगते. नवऱ्याला बायकोचा व्हिसा रद्द करता येत नाही, तो अधिकार सरकारचा. छळामुळे नातं तुटलं तरी कायमच्या व्हिसाचा विचार होऊ शकतो, कायद्यात तशी तरतूद आहे. पासपोर्ट आणि सगळ्या कागदांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. १८०० ७३७ ७३२ या फोनवर चोवीस तास मदत मिळते.

प्रश्न : आमचं लग्न गावी झालं, पण नोंदणी करायची राहूनच गेली. नवरा परदेशात आहे आणि आता व्हिसासाठी दाखला मागतात. इतक्या उशिरा नोंदणी होते का? उशीर झाला म्हणून संशय घेतील का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : होते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर नव्वद दिवसांत नोंदणी करायची असते, पण त्यानंतरही उशिराचं शुल्क भरून करता येते. गावी ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत. तुम्ही दोघं आणि तीन साक्षीदार स्वतः हजर लागतात, त्यामुळे नवऱ्याच्या सुट्टीच्या तारखा बघूनच दिवस ठरवा. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्न लावणाऱ्या गुरुजींची माहिती बरोबर न्या. आणखी काय लागतं ते ग्रामपंचायतीत आधीच विचारून घ्या, नाहीतर एका कागदासाठी सुट्टी फुकट जाईल.

दाखल्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी दिसेल. त्यात वावगं काही नाही, उशीर का झाला ते निवेदनात दोन ओळींत लिहा. दाखला हातात आल्यावर नावांची स्पेलिंग पासपोर्टशी ताडून तिथेच दुरुस्त करून घ्या. नवरा परत गेल्यावर तीच दुरुस्ती करायला फार खेटे पडतात.