चिमणीतला पारा

प्रश्न : आमच्या गावाशेजारी औष्णिक वीज केंद्र आहे. राख पकडणाऱ्या यंत्रात पाराही अडकतो ना?
— एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : थोडाच अडकतो, ताई. मी बावीस वर्षं बॉयलरवर काढली. भट्टीत कोळशातल्या पाऱ्याची वाफ होते. क्लोरीनशी जुळलेला पारा पाण्यात विरघळतो, म्हणून धुरातला गंधक काढायला चुनखडीचा फवारा असेल, तर त्यात धुतला जातो. आपल्या कोळशात क्लोरीन कमी. बाकीचा पारा निसटतो. तो पकडायला ब्रोमीन लावलेल्या सक्रिय कोळशाची (वायू शोषून घेणाऱ्या सच्छिद्र कार्बनची) पूड धुरात सोडतात. पारा तिला चिकटतो आणि ती कापडी पिशव्यांच्या गाळणीत धरली जाते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५च्या अधिसूचनेत धुरातल्या पाऱ्याची मर्यादा घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे.

मला खरी काळजी त्या पुडीची वाटते. पारा तिच्यातच असतो! ती राखेच्या तलावात जाते का, हे जनसुनावणीत जरूर विचारा.