"आमी अडाणी, लेकराला काय शिकवावं?"

"ताई, आमी अडाणी मानसं. आमी लेकराला काय शिकवावं? शिकला तर शाळंतच शिकंल."

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला मी पालकांना भेटते तिथं दर उन्हाळ्यात हे ऐकू येतं. साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की धारूर, केज, वडवणीकडचे ऊसतोडीचे कोयते गावी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला इकडं एक कोयताच म्हणतात. जूनच्या आत ते तीन-चार वर्षांची लेकरं घेऊन येतात. कुणी बोलत नाही, कुणी अंगणवाडीतला कोपरा सोडत नाही. आणि आईबापाची पक्की समजूत असते, की आपल्याला अक्षर येत नाही म्हणजे लेकराच्या शिक्षणात आपलं काही काम नाही.

यातल्या एका आईला सखू म्हणू आणि तिच्या चार वर्षांच्या लेकराला राजू. नावं बदलली आहेत. सोबत आलेली सासू म्हणाली, "मुका हाय का बघा एकदा." मी आधी कान तपासून घ्यायला लावले. हे मी कधीच वगळत नाही. लेकरू हाकेला वळून बघत नसेल, तर 'बोलंल हळूहळू' म्हणत वर्ष घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ते येतं तेव्हा तुम्ही ऊसतोडीच्या फडावर असाल, तर गावी आल्यावर सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा. राजूचे कान ठणठणीत निघाले.

"फडात दिवसभर त्याच्याशी काय बोलता?" मी सखूला विचारलं.

"काय बोलावं? पहाटं चारला उठून फडात जायाचं. ह्याला पाचटावर बसवायचं. गप बस, तिकडं जाऊ नको, इंचू हाय. बास."

तिला दोष द्यावा असं यात काही नव्हतं. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायचे असतात, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. बोलायला श्वास कुठून उरावा?

पुढच्या दोन भेटींत मी विचारत राहिले, "घरी काय शिकवता?" दोन्ही वेळा ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसली. माझा प्रश्नच चुकत होता, हे त्यानंतरच्या भेटीत कळलं. त्या दिवशी मी तिच्या घरी गेले होते.

सखू अंगणात बाजरी निवडत होती. राजू भिंतीच्या सावलीत कडब्याची धांडं मोडत बसलेला. सारख्या लांबीचे तुकडे करायचा, पाच-सहा एकत्र धरायचा, ओल्या पात्यानं आवळायचा आणि ओळीनं मांडून ठेवायचा. पातं सुटलं की पुन्हा आवळायचा.

"काय करतोय तो?"

"घाण करायलंय, दुसरं काय." मग तिनं सूप खाली ठेवलं आणि नीट बघितलं. "अगं माय! मोळ्या बांधायलंय की."

"किती झाल्या?"

तिनं बोट दाखवत मोजल्या. "एक, दोन, तीन... सात."

राजूनं मान वर केली. शेवटची मोळी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "ही नाय. ही वाढ्याची."

तिघीही गप्प झालो. सासूच्या हातातली तपकीर तशीच राहिली. लेकरानं ऊस आणि वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, वेगळं केलं होतं, आईची मोजणी दुरुस्त केली होती, तीही स्वच्छ शब्दांत. सखूच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं ती जे बोलली ते मला जास्त मोलाचं वाटतं: "ताई, मला गिनती येती की! मुकादमाच्या हिशोबाला मीच मोळ्या मोजते."

वर्षानुवर्षं मोजत आलेल्या बाईला आपल्याला मोजता येतं हे त्या दिवशी दिसलं. राजूपेक्षा आईचं मौन जुनं होतं, आणि ते 'अडाणी' या एका शब्दानं तिच्यावर लादलं होतं. तेव्हापासून मी कुठल्याच आईला 'काय शिकवता' विचारत नाही. 'दिवसभर काय करता' एवढंच विचारते.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा लेकरू बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनं त्याच्या अंगणात जावं, असा विचार केला. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच आला. मी त्याच वाटेची आहे. लेकराचं पहिलं साहित्य त्याच्या अंगणातच पडलेलं असतं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणजे पाटी हातात येण्याआधीच बरंच काही घडून गेलेलं असतं.

सखूला मी एकच काम दिलं: हात चालू असताना तोंडही चालू ठेवायचं. भाकरी थापताना 'ही मोठी, ही बारकी', पाणी आणताना 'दोन घागरी झाल्या, अजून एक'. त्यानं एक शब्द उच्चारला की आपण त्याला दोन जोडायचे. आणि थांबायचं. उत्तर यायला लेकराला वेळ लागतो, आपण मधेच बोलून टाकतो. तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीसाठी कर्ज काढायला निघालेल्या बापांनाही मी आधी हेच करायला सांगते. फी भरून घरातलं बोलणं विकत मिळत नाही.

आईबाप ऊसतोडीला गेले की गावात चालणारं हंगामी वसतिगृह शाळेच्या वयाच्या मुलांसाठी असतं, तीन-चार वर्षांच्यांना त्याचा उपयोग नाही. आजी धडधाकट असेल तर लेकरू गावीच ठेवावं, त्याची अंगणवाडी सुटत नाही. न्यावंच लागलं तर निघण्याआधी अंगणवाडीताईंना सांगा, त्या पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर, नाव दुसरीकडं हलवण्याचं बघतील. आधार आणि लसीकरणाचं कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात टाकू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा. तिकडं पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळची अंगणवाडी शोधा. कुणी बोलवायला येईल म्हणून वाट बघत बसू नका.

यंदा सखूची टोळी बेळगावकडच्या कारखान्याला गेली. तिथली अंगणवाडी कानडी. जानेवारीत तिचा फोन आला, काळजीनं भरलेला: "त्याला तिथलं काय कळंल, ताई?" मी म्हटलं, त्याला जाऊ द्या, घरी तुम्ही मराठीतच बोलत राहा. बोलता बोलता मागून बारीक आवाज आला, "ओंदू, एरडू, मूरू..."

"थांबा ताई," सखू म्हणाली, "मोळ्या मोजायलंय."