रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता गोळी कशाला?

कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्यांकडून हा प्रश्न आमच्या समुपदेशन कक्षात इतक्यांदा येतो, की एकदा सविस्तर लिहावंच म्हटलं. माझ्यासोबत इथे फार्म.डी.चे (औषधशास्त्राच्या पदवीचे) इंटर्न बसतात. त्यांना मी सगळ्यात आधी गप्प बसायला शिकवते. औषधांची माहिती त्यांना तोंडपाठ असते, आणि पंचाईत तिथेच होते.

साठीतले एक काका (ओळखीचे तपशील बदललेत) अँजिओप्लास्टीनंतर ॲटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेत होते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६०च्या घरातून ६८वर आलं होतं, ते पुन्हा १५४ झालं म्हणून डॉक्टरांनी आमच्याकडे धाडलं. "हे विसरतात हो, रोज मागे लागावं लागतं," काकूंनी आल्या आल्या सांगितलं. आमच्या विद्यार्थिनीने लगेच मोबाइलवर अलार्म लावून दिला, वारांच्या कप्प्यांची डबीही सुचवली. काका प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. इतकी मान डोलवणारा पेशंट गोळी घेणार नाही, हे मी एव्हाना ओळखते.

पुढच्या भेटीत तिला एवढंच विचारायला सांगितलं.

"काका, गोळी विसरता की टाळता?"

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं. "टाळतो."

मग एकेक बाहेर आलं. रिपोर्ट नॉर्मल होता. फिरायला येणारे मित्र म्हणाले, लिव्हर जातं. पोटऱ्याही दुखायच्या.

"बंद केल्यावर थांबल्या?"

"नाही… अजून दुखतातच."

तिने दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि (शाब्बास!) काहीच बोलली नाही. काकांनी चष्मा लावला, ६८वरून १५४वर बोट नेलं. "म्हणजे मी नॉर्मल झालोच नव्हतो. गोळीने ठेवलं होतं."

हेच मी दहा मिनिटं समजावलं असतं, तर परत मान डोलली असती. दुसऱ्याने पटवलेलं दाराबाहेर पडेपर्यंत टिकतं. स्वतःच्या तोंडून आलेलं माणूस घरी नेतो, असं माझं ठाम मत आहे. आणि विसरणाऱ्याचा उपाय टाळणाऱ्याला देऊन काही होत नाही, अलार्म तो बंद करतो.

आता थोडं सगळ्यांसाठी. कोलेस्टेरॉल आपलं यकृतच रोज बनवतं. ही गोळी तो वेग कमी करते. थांबवली की काही आठवड्यांत आकडा मूळ पदावर येतो. त्याला सवय लागणं म्हणत नाहीत. यकृताला गंभीर इजा क्वचितच होते, शंका असेल तर रक्त तपासता येतं. त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांवर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने केलेला अभ्यास २०२०मध्ये आला. त्यांना खऱ्या गोळीने जो त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास नुसत्या खोट्या गोळीनेही झाला! तरी दुखणं अंगावर काढू नका. डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलतात. मात्र स्नायू फार दुखून लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी दाखवा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

काकांनी सकाळच्या चहाची वेळ स्वतःच ठरवली. या औषधाला रात्रीचीच वेळ लागत नाही.

"मग मी आता आठवण करायची नाही?" काकू जरा खट्टू झाल्या.

"पाकिटात चार गोळ्या उरल्या की नवीन आणायला सांगा," विद्यार्थिनी म्हणाली. "बाकी ते बघतील."