बास्केटबॉलमध्ये कोच टाइमआऊट मागत असतानाही रेफरी देत का नाहीत?

तुमचा प्रश्न असा की साताऱ्यातल्या शालेय मॅचमध्ये शेवटची ४० सेकंद राहिली होती, तुमच्या पोरांनी बास्केट केली तरी एका पॉइंटने मागेच होते, तुमचे कोच म्हणजे सर लाईनवरून टाइमआऊट टाइमआऊट (म्हणजे मध्येच खेळ एक मिनिट थांबवा) असं ओरडत होते आणि रेफरीने वळूनसुद्धा बघितलं नाही, तर त्याने मुद्दाम केलं का. मी सांगली-मिरजेकडच्या लोकल मॅचेसना पंच म्हणून उभा राहतो, टेबलवरही बसतो, आणि माझं म्हणणं स्पष्ट आहे, मुद्दाम नाही केलं, नियमानेच केलं.

मुळात आपण खेळतो त्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात टाइमआऊट रेफरीकडे मागायचाच नसतो. हेड कोचने किंवा फर्स्ट असिस्टंट कोचने स्वतः स्कोअररच्या (गुण लिहिणाऱ्याच्या) टेबलपाशी जायचं, स्कोअररच्या नजरेला नजर द्यायची आणि स्पष्ट सांगायचं किंवा हातांनी इंग्रजी टी (T) करून दाखवायचा. बस. पुढचं काम टेबलचं. स्कोअरर मागणी धरून ठेवतो, संधी आली की बझर देतो (आमच्याकडे बऱ्याच ग्राउंडवर बझर नसतो, शिट्टीवर भागवतात), मग रेफरी शिट्टी मारून टी दाखवतो आणि तिथून एक मिनिट सुरू. बझर होण्याआधी कोच मागणी परत घेऊ शकतो, नंतर नाही. रेफरीचं लक्ष त्यावेळी बॉलवर आणि बास्केटजवळच्या धक्काबुक्कीवर असतं, बेंचवरचा आवाज त्याच्यासाठी मागणी नाहीच.

आता संधी म्हणजे काय, सगळी भांडणं इथेच होतात. बॉल डेड (म्हणजे खेळ थांबलेला), घड्याळ थांबलेलं आणि रेफरीचं टेबलला फाउलबिऊल सांगून झालेलं, की दोन्ही टीमला मिळतो. शेवटचा फ्री थ्रो आत गेला तरी दोघांना मिळतो. पण चालू खेळात बास्केट झाली तर फक्त जिच्यावर झाली त्या टीमला. आणि थ्रो-इनवाल्याच्या (लाईनबाहेरून बॉल आत टाकणाऱ्याच्या) किंवा पहिल्या फ्री थ्रोवाल्याच्या हातात बॉल गेला की दार बंद.

तुमच्या सरांचा घोटाळा समजू शकतो, कारण चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या २ मिनिटांत बास्केटनंतर घड्याळ थांबतं, मग वाटतं की बॉलही डेड आहे, घड्याळही बंद आहे, मिळायला पाहिजे. पण नियमात वेगळं लिहिलंय की अशा वेळी बास्केट करणाऱ्या टीमला नाही, रेफरीने काही कारणाने खेळ थांबवला असेल तरच. आणि मला हे योग्यच वाटतं, नाहीतर बास्केट मारायची, लगेच टाइमआऊट घेऊन निवांत प्रेस (समोरच्याला त्याच्याच बाजूला अडवणारा दबाव) लावायचा, समोरच्याला पटकन बॉल काढायची संधीच उरली नसती.

मग सरांनी करायचं काय होतं? टेबलपाशी जाऊन मागून ठेवायचा. समोरच्यांनी बॉल आत टाकल्यावर फाउल झाला, बॉल बाहेर गेला, काहीही झालं की त्याच क्षणी बझर झाला असता.

पोरं टीव्हीवर एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) बघतात, तिथे खेळाडू बॉल हातात धरून रेफरीकडेच मागतो, त्यामुळे हा समज पक्का बसतो. अमेरिकन कॉलेजच्या १९९३ च्या फायनलमध्ये मिशिगनच्या ख्रिस वेबरने शेवटच्या सेकंदांत असाच मागितला, टीमकडे शिल्लक एकही नव्हता, टेक्निकल फाउल (नियमभंगाचा दंड) बसला आणि मॅच गेली. आपल्याकडे खेळाडूला तो हक्कच नाही.

अजून एक, हिशोब ठेवा. पहिल्या हाफला २, दुसऱ्याला ३, प्रत्येक एक्स्ट्रा टाइमला १, उरलेले पुढे जात नाहीत. दुसऱ्या हाफचे तिन्ही शेवटच्या २ मिनिटांसाठी राखून ठेवले तर एक जातो, स्कोअरर शीटवर त्या चौकोनात दोन आडव्या रेघा मारतो, मग कोच येऊन टेबलशी भांडतात की आमचा एक कुठे गेला. (शालेय स्पर्धेत आयोजक कधी वेळ वगैरे कमी करतात, ते मॅचआधीच विचारून घ्या.)

आणि शेवटच्या २ मिनिटांत कोर्टाच्या आपल्या अर्ध्या भागातून आपला थ्रो-इन असेल आणि आपणच टाइमआऊट घेतला तर बॉल थेट कोर्टाच्या पुढच्या अर्ध्या भागातल्या थ्रो-इन लाईनवरून घेता येतो, फक्त टाइमआऊट संपताना रेफरी विचारतो तेव्हा कोचने तसं सांगायचं. एका पॉइंटने मागे असलेल्या टीमला याच्याइतका उपयोगाचा नियम दुसरा नाही, सरांना हा जरूर दाखवा.