व्हीगन होताना पुस्तकावर किती विसंबावे?

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी ३१ वर्षांची असून नागपुरातील एका शाळेत शिकवते. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहे. दुधासाठी वासराला गाईपासून तोडले जाते ही गोष्ट मनाला फार लागल्यामुळे अकरा महिन्यांपूर्वी मी दूध, दही, तूप आणि मध पूर्णपणे सोडले, म्हणजेच व्हीगन झाले. मार्गदर्शनासाठी बर्डीवरच्या बाजारातून तीन पुस्तके आणली. त्यांपैकी दोन परदेशी डॉक्टरांच्या पुस्तकांचे अनुवाद आहेत आणि एक आपल्याकडच्या लेखकाचे आहे. तिन्हींची भाषा आत्मविश्वासाची आहे, परंतु एक पुस्तक बी-१२ या जीवनसत्त्वाची गोळी घ्यायला सांगते, दुसरे त्याविषयी अवाक्षर काढत नाही आणि तिसरे म्हणते की आंबवलेले पदार्थ आणि स्पिरुलिना (एक प्रकारचे शेवाळ) खाणाऱ्याला गोळीची गरजच नाही. गेला महिनाभर माझ्या पायांच्या बोटांना मुंग्या येतात. शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडताना असे होते, असे त्या तिसऱ्या पुस्तकात लिहिले आहे. आई म्हणते की हे सगळे दूध सोडल्यामुळे झाले. मी कोणावर विश्वास ठेवावा?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : प्रथम मुंग्यांविषयी लिहिते, कारण पुस्तकांचा निकाल लागायला आठ दिवस उशीर झाला तरी चालेल, मुंग्यांच्या बाबतीत चालणार नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, दूध सोडल्याचे न विसरता सांगा आणि रक्तातील बी-१२ तपासून घ्या. आकडा सीमारेषेवर आला तर बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणाऱ्या होमोसिस्टीन किंवा मिथाइलमेलॉनिक आम्लाची तपासणी करावी लागते. रक्त देण्याआधी गोळ्या सुरू करू नका, नाहीतर अहवालाचा अर्थ लावणे अवघड होईल. मुंग्या मधुमेह, थायरॉइड किंवा अन्य कारणांनीही येतात, म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. परंतु विषद्रव्ये बाहेर पडण्याचे लक्षण म्हणून त्या सहन करत बसणे हा त्यांच्यावरचा उपाय नव्हे. बी-१२ अभावी मज्जातंतूंवरचे आवरण खराब होत जाते, आणि उपचारांना फार उशीर झाला तर त्यातील काही हानी कायमची राहते. ज्या पुस्तकाने आपल्याला या लक्षणाकडे दुर्लक्ष करायला शिकवले, ते पुस्तक आपण आजपासून बाजूला ठेवावे, असे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगते.

आपल्या आईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. बी-१२ यकृतात साठते आणि साठा भरपूर असेल तर तो काही वर्षे पुरतो, म्हणून केवळ अकरा महिन्यांत रिते होण्याइतका आपला साठा मुळातच कमी असण्याची शक्यता अधिक आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांमध्येही बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे आणि शाकाहारी व्यक्तींमध्ये ती अधिक आहे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागते आणि मोठा पेलाभर दुधातून जेमतेम एक मायक्रोग्रॅम मिळते. म्हणजे दोन वेळच्या चहापुरतेच दूध घेणारी आपल्याकडची कितीतरी शाकाहारी माणसे दूध न सोडताही काठावरच उभी असतात. परदेशी पुस्तक ज्या वाचकासाठी लिहिलेले असते, तो बहुधा कालपर्यंत मांस, अंडी आणि चीज खाणारा असतो. त्याचा साठा भरलेला असतो, त्यामुळे ‘पहिली दोन-तीन वर्षे चिंता नको’ असे वाक्य त्याच्या बाबतीत कदाचित निभावून जाईल. तेच वाक्य अनुवाद होऊन धरमपेठेतल्या शाकाहारी घरात आले की धोक्याचे ठरते. अनुवादकाने शब्द बरोबर आणले तरी वाचकाचे शरीर बदललेले आहे, याची नोंद तो कुठे करत नाही.

म्हणून आहारावरचे कोणतेही पुस्तक हातात आले की मी प्रस्तावना नंतर वाचते आणि आधी बी-१२ चे पान शोधते. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजंतू तयार करतात, वनस्पती करत नाहीत. इडली, ढोकळा किंवा आंबील यांतून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनामध्ये जे असते ते बहुतांशी बी-१२ सारखे दिसणारे, पण माणसाच्या शरीरात निरुपयोगी असलेले संयुग आहे. याविषयी व्हीगन चळवळीतही आता मतभेद उरलेला नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेली आणि ‘व्हीगन’ हा शब्द रूढ करणारी व्हीगन सोसायटी स्वतःच सांगते की रोज किमान १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्याला किमान २,००० मायक्रोग्रॅमची पूरक मात्रा घ्या. या दोन आकड्यांतील तफावत पाहून वाचक गोंधळतात. एका वेळी आतड्यातून नेहमीच्या मार्गाने दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत शिरतात आणि त्यावरच्या मात्रेतून फार तर शंभरात एक भाग शोषला जातो, म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची मात्रा इतकी मोठी ठेवावी लागते. ही मात्रा निरोगी माणसाने साठा टिकवण्यासाठी आहे. आपल्या बाबतीत कमतरता निघाली तर इंजेक्शन द्यायचे की गोळी, किती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. डाळी आणि पालेभाज्या भरपूर खाणाऱ्या माणसाला फोलेट चांगले मिळते, आणि त्यामुळे बी-१२ कमी असूनही पंडुरोग दिसून येत नाही. ‘हिमोग्लोबिन उत्तम आहे, म्हणजे सर्व ठीक आहे’ हा निष्कर्ष अनेक पुस्तकांत आढळतो. त्यावर विसंबू नका.

आता पुस्तकाच्या वयाविषयी. फ्रान्सिस मूर लापे यांचे ‘डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’ हे १९७१ चे पुस्तक जगभर गाजले. वनस्पतीजन्य प्रथिने शरीराला पूर्णपणे उपयोगी पडावीत यासाठी धान्य आणि कडधान्य एकाच जेवणात विशिष्ट प्रकारे जुळवावे लागते, असे त्यात मांडले होते. १९८१ च्या सुधारित आवृत्तीत लेखिकेने स्वतः ती चूक मान्य केली. दिवसभरात पुरेसे आणि विविध अन्न खाल्ले, तर प्रत्येक घासाची जुळणी करण्याची गरज नाही. लेखिकेचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. तरीही पहिल्या आवृत्तीतले म्हणणे अजून नव्या पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून फिरत असते, आणि वरण-भात, झुणका-भाकरी खाऊन वाढलेला नवा व्हीगन उगाच तक्ते आखत बसतो. आपल्याकडचे आकडेही बदलले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१० च्या शिफारशींत प्रौढांसाठी कॅल्शियम ६०० मिलिग्रॅम होते, २०२० मध्ये ते १,००० मिलिग्रॅम झाले. आपल्या तिसऱ्या पुस्तकात ६०० हा आकडा छापलेला असेल तर ते जुन्या माहितीवर उभे आहे, असे समजावे.

कॅल्शियमच्या बाबतीत या पुस्तकांची आणखी एक अडचण आहे. परदेशी लेखक ‘रोज दोन पेले सोयादूध घ्या’ असे लिहितो, तेव्हा त्याच्या मनात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ मिसळलेले, दुकानातले बंद खोक्यातील दूध असते. सोयाबीन तर आपल्या विदर्भातच पिकते, म्हणून आपण ते कळमन्याच्या बाजारातून आणतो, भिजवून, वाटून, गाळून घरी दूध काढतो आणि त्यात पुस्तकातले सर्व काही आले असे धरून चालतो. घरच्या सोयादुधात प्रथिने चांगली असतात, परंतु कॅल्शियम थोडेच आणि बी-१२ मुळीच नाही. टोफूचेही तसेच आहे : कॅल्शियमचा क्षार घालून गोठवलेल्या टोफूत कॅल्शियम भरपूर असते, घरी लिंबू पिळून केलेल्या टोफूत नसते. ‘भाकरी खा, कॅल्शियम मिळेल’ हा सल्ला नाचणीच्या भाकरीला लागू पडतो, कारण शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नागपुरात भाकरी म्हटली की ती ज्वारीची, आणि ज्वारीत ते तीसच्याही आत आहे. म्हणून आपल्याला मुद्दाम नाचणी आणावी लागेल, शेवग्याचा पाला आणि मेथी वारंवार करावी लागेल आणि तीळ रोजच्या चटणीत घालावे लागतील. तिळात कॅल्शियम पुष्कळ असले तरी ते बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेट या घटकामुळे त्यातील बराच भाग शरीराला मिळत नाही. पालकाचीही तीच गत आहे, त्यामुळे एकट्या तिळावर किंवा पालकावर हिशेब पुरा करू नये.

मिठाविषयी थोडक्यात. अनेक लोकप्रिय पुस्तके सैंधव किंवा गुलाबी मीठ सुचवतात. दूध सोडलेल्या माणसाच्या आहारातून आयोडीनचा एक स्रोत आधीच गेलेला असतो, तेव्हा घरातले आयोडीनयुक्त मीठही काढून टाकणे मला अजिबात मान्य नाही.

या पुस्तकांत चिया, किन्वा यांची नावे वाचून नवीन माणूस खर्चाने दबून जातो, आणि आपल्या वैदर्भी स्वयंपाकघरात काय आहे हे विसरतो. ओमेगा-३ साठी आपल्या जवसाच्या चटणीला तोड नाही. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम जवसातून दोन ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतले ओमेगा-३, मिळते. जवस भाजून कुटलेले असावे, अख्खे दाणे बरेचसे तसेच बाहेर पडतात. लोहासाठी तर्री-पोह्यांतले हरभरे उत्तम, त्यावर पिळलेले लिंबू त्याहून उत्तम, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीजन्य लोह अधिक शोषले जाते. हंगामात जेवणासोबत एक संत्रे खाल्ले तरी तेच काम होते. मात्र पोह्यांपाठोपाठ लगेच चहा घेण्याची आपली जी सवय आहे ती सोडावी, तासभर थांबावे. काळा चहाही लोह अडवतो. प्रथिनांचा बाऊ करू नका. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम पुरतात. मात्र आपल्या ताटात भात-पोळी जास्त आणि वरण पातळ असते, ते घट्ट करावे लागेल. डाळ वाढवताना लाखोळीची डाळ मुख्य आहार म्हणून घेऊ नका, कारण ती दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात खाल्ल्याने लॅथिरिझम, म्हणजे पाय लुळे पडण्याचा रोग, होतो हे जुन्या दुष्काळांनी दाखवून दिले आहे.

तेव्हा आपण विचारलेल्या तीन पुस्तकांपैकी, गोळी घ्यायला सांगणारे पुस्तक ठेवावे. व्हीगन का व्हावे आणि चवदार स्वयंपाक कसा करावा, यासाठी ते खुशाल वाचावे. मात्र त्यातील प्रत्येक प्रमाण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांशी आणि आपल्या दुकानातील पाकिटावरच्या मजकुराशी ताडून पाहावे. गप्प बसणारे दुसरे पुस्तक पाककृतींपुरते वापरावे. पाकीट पाहताना हिरव्या ठिपक्यावर थांबू नका, तो दूध असलेल्या पदार्थावरही असतो. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनुसार वेगळे हिरवे बोधचिन्ह आहे.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून दोघेही व्हीगन आहेत. सुनेला तिसरा महिना आहे. ‘योग्य नियोजन केलेला व्हीगन आहार गर्भारपणासह सर्व वयांत चालतो, असे अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संस्थेने म्हटले आहे’, हे वाक्य ती मला पुस्तकातून वाचून दाखवते. मी दुधाचा आग्रह धरला की घरात अबोला होतो. माझे चुकते आहे काय?
– एक सासूबाई, महाल, नागपूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, आग्रहाची दिशा मात्र बदलावी लागेल. ते वाक्य खरे आहे. अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स या संस्थेच्या २०१६ च्या निवेदनात ते आहे. मात्र याच संस्थेचे २०२५ चे नवे निवेदन गर्भवती आणि स्तनदा नसलेल्या प्रौढांपुरतेच मर्यादित आहे. गर्भारपणात असा आहार चालत नाही, असे त्यात म्हटलेले नाही. तो विषय त्यात घेतलेलाच नाही. सुनेच्या हातातले पुस्तक त्याआधीचे असेल तर ही गोष्ट तिला ठाऊक असणार नाही. शिवाय, जुन्या वाक्यातही ‘योग्य नियोजन’ हे शब्द होते आणि सगळा भार त्यांच्यावरच होता.

दुधाऐवजी आपण बी-१२ चा आग्रह धरावा. आईच्या शरीरात बी-१२ कमी असेल तर गर्भाला आणि पुढे अंगावरच्या दुधातून बाळाला ते कमीच मिळते. अशी बाळे काही महिन्यांनी मंदावतात, शिकलेले हसणे, मान धरणे विसरतात, काहींच्या हातापायांना कंप सुटतो. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांना हा आजार चांगला परिचित आहे. प्रसूतीआधीच्या लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्यांत बी-१२ असतेच असे नाही, म्हणून गोळ्यांच्या पाकिटावरील मजकूर वाचून खात्री करून घ्या.

पुढच्या तपासणीला आपण सुनेसोबत जा. ती घेत असलेल्या सर्व गोळ्या आणि घरातल्या मिठाचे पाकीट बरोबर न्या, तिने आठवडाभर काय खाल्ले ते तिच्याकडूनच लिहून घ्या, आणि बी-१२, लोह, आयोडीन, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम या पाचही गोष्टींविषयी डॉक्टरांना तिच्यासमोर विचारा. निर्णय तिचा आहे हे आपण मान्य केलेले तिला दिसले, तर शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि नाचणीची भाकरी आपल्या हातून ती आनंदाने खाईल असे मला वाटते.